शुक्रवारच्या आत बिल्ड

कोलशेतच्या एका सॉफ्टवेअरच्या ऑफिसात इंटरव्ह्यूला गेलेले, तेव्हा समोरच्या माणसाने विचारलं, “मॅडम, मधली वर्षं काय करत होतात?” काय करत होते? मुलगी वाढवली, सासऱ्यांचं आजारपण काढलं. ते त्याच्या हिशेबात कुठे बसेना. “लोकांना उघडून बघता येईल असं काही काम आहे का तुमचं?” तिथल्या तिथे ठरवलं, आता दाखवतेच.

दाखवायला होतंही. इंटरनेटवरचे व्यवहार कुलूपबंद ठेवणारी एक लायब्ररी, म्हणजे कुणालाही वापरता येणारा तयार कोड, जगभरची माणसं मिळून फुकटात लिहितात. तिचा कोड कुणीही वाचावा. त्यात मला एक चूक सापडलेली: मुदत संपलेलं सर्टिफिकेट, म्हणजे वेबसाइटचं ओळखपत्र, एका ठिकाणी खुशाल चालवून घेतलं जात होतं. दोन ओळींची दुरुस्ती लिहून पाठवली. तिथल्या प्रमुखाने उत्तर दिलं, तुम्ही जुन्या आवृत्तीवर तपासलंय, डेव्हलपमेंटच्या ताज्या कोडवर तपासून पाठवा. म्हणजे तेवढं केलं की दुरुस्तीखाली माझं नाव. मला तेवढंच हवं होतं.

आता हा ताजा कोड म्हणजे वाढलेलं ताट नाही, नुसता शिधा. तयार आवृत्तीत काही फायली आयत्या मिळतात, इथे त्या आपणच बनवायच्या. त्यासाठी वेगळं टूल. ते माझ्या लॅपटॉपवर जुनं. नवं घ्यावं तर त्याला आणखी तिसरंच काहीतरी हवं. सूचनांचं पान उघडलं तर तेही कधीकाळचं. अरे, मग लिहिता कशाला? मी एकटीच स्क्रीनशी भांडत बसलेले.

त्यात गुरुवार. टिटवाळ्यात आमच्या बाजूला शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते ती संध्याकाळीच येते, म्हणून गुरुवारीच सगळे दळण आणतात, टाक्या भरतात, इस्त्री उरकतात. मला बिल्ड, म्हणजे त्या शिध्याचा स्वयंपाक, उरकायचं होतं. दुपारी एकदाचं ते सुरू झालं, ओळींमागून ओळी सरकायला लागल्या, तसा जीव भांड्यात पडला. चहा टाकायला उठले.

परत आले तर स्क्रीन काळी. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, तो प्लगवरच जगतो. आणि आमच्या सासूबाई, खोलीत माणूस दिसलं नाही की भिंतीवरची बटणं बंद करत जातात. पंखा, ट्यूब, प्लग, काही सोडत नाहीत.

“आई, हे बटण तुम्ही बंद केलंत?”

“खोलीत कोण होतं? उगाच चालू.”

काय बोलणार, कपाळ? अर्धवट लिहिलेल्या फायली रिकाम्या होऊन बसलेल्या. सगळं पुसून पहिल्यापासून. तोवर मुलीच्या ऑनलाइन क्लासची वेळ झाली, तोही याच लॅपटॉपवर. क्लासनंतर लावलं तर भलत्याच जागी अडलं. शुक्रवारी सकाळी ते सुटतंय न सुटतंय तोच लाईट गेली. दिवसभर नुसती चरफडत होते.

संध्याकाळी लाईट आली आणि बिल्ड झालं. तपासलं. ताज्या कोडमध्येही चूक होती, आणि माझ्या दोन ओळींनी ती जात होती. पाठवायला पान उघडलं, तर दुपारीच कुणीतरी मी पाठवलेलं वाचून तीच दुरुस्ती ताज्या कोडवर तपासून टाकलेली. प्रमुखाने ती घेतलेली. खाली त्याचं नाव. मला लिहिलेलं, धन्यवाद, हे आता सुटलं आहे.

संतापाने डोळ्यांत पाणी आलं. सासूबाई मेथीची जुडी घेऊन शेजारी येऊन बसल्या.

“काय झालं गं? चुकलं का काही?”

“नाही. माझं बरोबरच होतं.”

“मग रडतेस कशाला?”

तुमच्या त्या बटणामुळे, हे अगदी ओठांवर आलेलं. म्हटलं, “काम मी केलं आणि नाव दुसऱ्याचं लागलं.”

त्यांनी मेथीच्या जुडीचा दोरा सोडला. “घरात बसून केलेल्या कामाला आजवर कुणाचं नाव लागलंय गं?” म्हणाल्या आणि पानं खुडायला लागल्या.

त्यांचं खरंच होतं. दोन दिवसांत सगळ्यात जास्त राग मला त्याचा आला.