वडाळ्याचे मुराळी

बायको घरात असते तेव्हा तिच्या तक्रारीच तेवढ्या आठवतात. किस्से आठवतात ती उठून गेल्यावर. आणि एक आठवला की मागून दुसरा येतोच.

माझी गेली वडाळ्याला, भावाकडे. करी रोडहून बसनं अर्ध्या तासाचा रस्ता. पण अठरा दिवस झाले, आली नाही.

चूक माझी. नातीला बघायला पाहुणे आले होते. मुलाच्या आईनं हिला विचारलं, "आजी, तुम्हाला कसा वाटला आमचा मुलगा?" मी मध्येच बोललो, "तिला काय विचारता? तिला काय कळतं!"

शालन उठली. पाहुण्यांना चहा दिला. ते गेल्यावर कपबशा विसळून पालथ्या घातल्या, पिशवी भरली आणि निघाली.

आमची चाळ होती तिथं आता टॉवर आहे. त्याच्याखाली बाकड्यावर आम्ही तिघं बसतो. मी, मिलमध्ये माझ्या शेजारच्या मागावर असलेला बबन, आणि टपालातून रिटायर झालेला तावडे.

बबन म्हणाला, "दत्ता, जा आणि घेऊन ये वहिनीला."

मी म्हटलं, "आमच्या कोकणात नवरा आणायला जात नाही. मुराळी जातो." सासर-माहेर करणाऱ्या बाईची ने-आण करतो, तो मुराळी.

बबन म्हणाला, "सत्तरीच्या बाईला मुराळी? धन्य आहेस!"

पण गेला.

*

संध्याकाळी परत आला तो एकटाच. हातात डबा.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बांगडा ताजा आहे, आजच खा."

"आणि माझ्याबद्दल?"

"तुझा विषयच निघाला नाही रे!"

*

बांगड्यावरून पहिला दिवस आठवला. शालनची आई लालबागला खाणावळ चालवायची. मी तिथं जेवायचो. वाढायला शालन. एकदा शटल लागून माझा उजवा हात फुटला. खाडा पडू नये म्हणून मी कुणाला सांगितलं नव्हतं. पट्टी बांधलेला हात पाठीमागे लपवून जेवायला बसलो. ताट आलं. बघतो तर बांगड्याचे सगळे काटे काढलेले!

मला राग आला. म्हटलं, "मला काय हात नाहीत?"

ती आमटी वाढता वाढता म्हणाली, "आहेत. आज एकच दिसतोय."

त्या पंगतीत चाळीस माणसं होती. माझा हात दुसऱ्या कुणालाच दिसला नव्हता. त्याच आठवड्यात मी गावी आईला लग्न ठरवायचं पत्र लिहवून पाठवलं.

*

दोन दिवसांनी तावडे गेला. तो शिकलेला, बोलण्यात हुशार. जाताना म्हणाला, "बघ, कन्व्हिन्स करून आणतो." तोही डबा घेऊन परतला.

"काय झालं?"

"मी म्हटलं, वहिनी, घरी न्यायला आलोय. त्या म्हणाल्या, कुणाच्या घरी?"

"मग?"

"मग काय? पॉइंट बरोबर होता. जेवलो आणि आलो."

*

गिरण्यांच्या संपात मी घरी बसलो. शालन हिंदमाताच्या दुकानांतून साड्या आणून फॉल लावायची. मी जाहीर केलं, "बायकोच्या कष्टाचं जेवणार नाही."

ती म्हणाली, "बरं. मग फॉल तुम्ही लावा. मी जेवते."

दार लावून घेतलं आणि मी सुई धरली. आयुष्य कापड विणण्यात गेलेलं, टाके सरळ पडले. आठवड्यानं साड्या पोचवायला मी बरोबर गेलो. दुकानदार साडी उलटीपालटी करून म्हणाला, "वहिनी, काय सफाई आहे! हा हात तुमचा नाही."

हिनं माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "नवीन बाई ठेवलीय," म्हणाली. "कामाला चांगली आहे. फक्त रुसते फार."

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ऐकून बबन बाकड्यावरून उठलाच. "म्हणजे ती बाई तू होतास काय रे!"

*

चाळ पाडायच्या आदल्या दिवशी सगळे गॅलरीत फोटो काढत होते. शालन बादल्या भरून जिना धूत होती. वरपासून खालपर्यंत, एकटी.

मी ओरडलो, "अगं, उद्या पाडणार आहेत तो!"

"गेलेल्या माणसालाही आंघोळ घालतातच ना?"

सकाळी पाडणाऱ्यांचा मुकादम आला. ओला, स्वच्छ जिना बघून थबकला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. तरी तो चपला खाली काढून वर चढला.

हे तिला कुणी शिकवलं, मला माहीत नाही. मला तर आयुष्यात सुचलं नसतं.

*

तो किस्सा बाकड्यावर सांगून झाला. मग तावडे म्हणाला, "दत्ता, आता मुराळी संपले."

बाविसाव्या दिवशी मी गेलो. हॉलमध्ये मेव्हणा, त्याची बायको आणि शेजारचे दोघं बसलेले. शालन पाणी घेऊन आली. चौघांदेखत अपमान केला होता, तो चौघांदेखतच मागे घ्यायला हवा होता.

मेव्हण्यानं विचारलं, "भावोजी, कसं काय येणं केलंत?"

मी म्हटलं, "मुराळी म्हणून आलोय."

सगळे हसले. शालन हसली नाही. "कुणाकडून?"

"करी रोडला एक म्हातारा आहे."

"कसा आहे?"

"बरा नाही. चुकलोय म्हणतो. पण घरी, भिंतीशी म्हणतो."

तिनं रिकामा पेला उचलला. म्हणाली, "मुराळ्याला उपाशी पाठवत नाहीत. हात धुवा."

मी जेवलो. निघताना तिनं डबा हातात दिला आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पुन्हा गेलो. हॉलमध्ये तीच माणसं. उंबऱ्यातूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "शालन, माझं चुकलं."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"या," म्हणाली. "काल तुमचा माणूस येऊन गेला. बिचारा फार चांगला होता."