गिरणीच्या घड्याळाचे काटे

एनॉक थ्रेलफॉल गुप्त पोलीस होणार, ही बातमी त्याच्या आधी आम्हा बायकांना कळली. पोलिसांचे बडे साहेब लँग्रिज त्याला चौकात बाजूला घेऊन कानात सांगत होते आणि आम्ही रस्त्याच्या पलीकडून साहेबांचे ओठ वाचत होतो. मागांच्या खडखडाटात जन्म काढलेल्यांचे कान कधीच गेलेले असतात. गिरणीच्या माग-खात्यात आम्ही आवाज न काढता, तोंड चांगलं मोठं करून ओठांनीच बोलतो. एनॉकही आमच्यातलाच, त्यामुळे कानातलं त्याला ऐकूच येत नव्हतं. तो सारखा "काय? काय म्हणालात?" करत होता.

लँग्रिज साहेबांना पेनीला मिळणाऱ्या साप्ताहिकातल्या गुन्ह्यांच्या गोष्टींचं वेड होतं. लंडनला गुप्त पोलीस असतो, मग हॅल्सडेनला का नको? त्या गोष्टींतला हुशार माणूस म्हणे बाहीवरचा कापूस बघून चोर ओळखतो. आमच्याकडे पाद्र्याच्या बाहीवरही कापूस असतो. त्यावरून चोर धरायचे तर अख्खं गाव तुरुंगात गेलं असतं.

एनॉकला मात्र हे काम देवाने धाडल्यासारखं आलं. छातीत कापूस बसून तो खोकून खोकून अर्धा झाला होता, आणि डॉक्टरने त्याला गिरणीत पाऊल टाकायला बंदी केली होती. ही नोकरी गेली तर केझाया, त्याची बायको, एकटीच्या मागांवर दोघांचं भागवू शकली नसती. मग उरला निराधारांचा गरीबखाना. तिथे नवऱ्याला एका दालनात ठेवतात नि बायकोला दुसऱ्या. त्या दोघांना एकमेकांशिवाय एक दिवस चैन पडत नसे, भांडायला तरी माणूस हवंच.

तर एनॉक खोटी दाढी लावून मासेवाला म्हणून फिरू लागला. पंचाईत एवढीच, की मनात येईल ते ओठांवर आणायची त्याची सवय सुटेना. 'आता गुपचूप कोपऱ्यावर उभा राहतो,' असं तो ओठांनी मोठ्ठं म्हणायचा आणि समोरची आग्नेस ओरडायची, "अरे एनॉक, तिथे ओल आहे! इकडे आडोशाला उभा राहा की." तोही मुकाट्याने सरकायचा. चोरांनाही त्याची दया यायची, ते त्याची पाळी चुकवून चोऱ्या करायचे.

आणि मग गिरणीच्या फाटकावरच्या घड्याळाचे काटे गेले.

ते घड्याळ लबाड होतं. मालक ऑल्डरशॉ सकाळी ते पुढे ढकलायचा नि संध्याकाळी मागे. एके दुपारी केझाया बादली नि फडकं घेऊन शिडीवर चढली, दोन्ही काटे काढून परकरात खोचले आणि खाली उतरली. आम्ही सगळ्यांनी बघितलं. फाटकावरच्या रखवालदाराने तर शिडी धरली होती. हातात बादली असली की बाईला कुणी काही विचारत नाही.

मालकाने नवे काटे मागवले, पण त्याला चोरही हवा होता. लँग्रिज साहेबांनी एनॉकला बजावलं, "जत्रेच्या सुट्टीआधी चोर दे, नाहीतर पोलिसाची टोपी दे."

मी त्यांच्या शेजारीच राहते. बघायला गेले तर एनॉक चुलीपाशी बसून मिनिटकाट्याने कोळसे ढोसत होता.

"चोर बाहेरगावचा आहे, डोर्कस," तो म्हणाला. "भारी डोक्याचा. घरात नुसती सळई दिसली तरी मी दचकतो बघ."

त्याच्या पाठीमागे केझाया तासकाट्याने तव्यावरची भाकरी उलटत होती. ती ओठांनी मला म्हणाली, 'एक शब्द बोललीस तर झिंज्या उपटीन.'

"बाहेरगावचाच असेल," मी एनॉकला म्हणाले. खात्याबाहेर आम्ही मनसोक्त खोटं बोलतो. पण खात्यात ओठांनी खोटं बोलायचं नाही, हा आमचा नेम. 'वाक, पट्टा सुटलाय' असं कुणी म्हटलं की वाकायचं, खरं का खोटं विचारत बसलं तर मुंडकं जायचं. म्हणून तिथे विचारलं की खरंच सांगायचं, मग काही होवो. नशीब की एनॉकला तिथे पाऊल टाकायला बंदी होती.

सुट्टीच्या आदल्या दिवशी मालकानेच त्याला दंडाला धरून खात्यात आणलं. मागे लँग्रिज साहेब. एनॉकला पेटीवर उभं केलं. तो आधी पोटभर खोकला. मग त्याने ओठांनी विचारलं, 'बायांनो, काटे कुणी नेले?'

मला वाटलं, आत्ता छप्पर कोसळलं तर बरं. पण नेम तो नेम. अख्ख्या खात्याची तोंडं एकदम उघडली, त्यात माझंही. 'तुझ्या केझायाने.' कोपऱ्यातल्या मागावरून केझाया म्हणाली, 'मी.'

एनॉक आपल्या हाताकडे बघू लागला. त्याला कोळसे ढोसायची सळई आठवली असणार.

मालक त्याच्या कानात ओरडला, "काय म्हणतायत?"

एनॉक मोठ्याने बोलला, पण सवयीने तोंडही मोठं केलं, त्यामुळे आम्हा सगळ्यांना वाचता आलं. "कुणालाच काही ठाऊक नाही, मालक."

"मग एवढी तोंडं कशाला हलली?"

"हवेबद्दल बोलत होत्या. जत्रेत पाऊस पडेल म्हणतात."

आमच्या खात्यात खोटं बोललेला तो पहिलाच माणूस. ज्याच्या तोंडात तीळ भिजत नव्हता तो! मी त्याला जन्मभर हसले होते, त्याची मला तिथल्या तिथे लाज वाटली.

लँग्रिज साहेबांनी हात पुढे केला. एनॉकने टोपी काढून दिली.

तेव्हा केझायाने माग बंद करायच्या दांड्याला हात घातला. ती जाऊन कबुली देणार, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. एनॉकने दारातून वळून तिच्याकडे बघितलं आणि ओठांनी म्हणाला, 'माग थांबवू नकोस. मजुरी कापतील.'

तिने दांडा सोडला. माग चालू राहिला. डोळ्यांतल्या पाण्याने तिला तुटलेले धागे दिसेनात, म्हणून सुटीचा भोंगा होईपर्यंत तिचे धागे मी जोडत राहिले.