उजवी झडप

शहाद्यात माझं लाकूड कोरायचं सीएनसी मशीन आहे. संगणकावर नक्षी काढायची, पेनड्राइव्हमधून मशीनला द्यायची, मशीन कोरतं. यात माझं कौशल्य एवढंच, की मी चहा पीत बाजूला उभा राहतो.

कळसाडीच्या मिस्त्रीआबांना मशीन कधी पटलं नाही. पण हात थरथरायला लागले तेव्हा तेच माझ्याकडे आले. स्वतःच्या नव्या घराच्या दाराची डावी झडप त्यांनी छिन्नीने पुरी केली होती: केळीचा घड, वर बसलेला पोपट. उजवीसाठी चार दिवस माझ्या शेजारी स्टुलावर बसून त्यांनी संगणकावर माझ्याकडून एकेक रेघ काढून घेतली. मी म्हटलं, "आबा, एक बटण दाबलं की डावीच उलटी होते."

"आरसा नको रे भो. या बाजूना पोपट उडी ऱ्हायना."

सागाची फळी वाळत ठेवली. ती वाळायच्या आत आबा गेले.

दरम्यान सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. जुनी कामं एका दमात आत घ्या, बॅकअप आपोआप. मी हौसेने दोन्ही केलं. कुणाचंही काम असो, फाइलला मी नाव देतो 'दार फायनल'. याच नावाची फाइल आहे, बदलू का, असं त्याने विचारलं. मी 'सगळ्यांना हो' दाबलं. तरी बॅकअप होता. तो ठेवायला मी दाखवलेली जागा म्हणजे मशीनचा पेनड्राइव्ह. भरलेला असला की मशीन अडतं, म्हणून रोज सकाळी अगरबत्ती लावून मी तो भक्तिभावाने साफ करतो. आबांची उजवी झडप अशी दोन्हीकडून गेली.

वर्षश्राद्धाच्या आत दार बसवायचं म्हणून आबांच्या पत्नी, आमच्या मावशी, आल्या. "तेवढी झडप दी दे, भाऊ. त्यास्नी शेवटली शे."

डावीचा फोटो मोबाइलमध्ये होता. खरं सांगतो, तो आत घेऊन मी उलटा केलासुद्धा. फळी मशीनवर चढवली. सुरू करायचं बटण मात्र दाबवेना.

दुसऱ्या दिवशी कोरी फळी रिक्षात घालून कळसाडीला गेलो आणि सगळं सांगितलं. अगरबत्तीचंही. मावशी म्हणाल्या, "तो उडनारा पोपट तू देखा व्हता ना?"

"हो."

"मंग काढ."

"मावशी, मला सरळ रेघ येत नाही."

"चार दिन त्यास्ना शेजारी बसना ना तू?"

फळीवर पेन्सिलने काढायला बसलो. पंख आठवत होते, हात वळत नव्हता. झाली ती कोंबडी, तीही घाबरलेली. मी हसून बघितलं. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी त्या रेघांवरून बोट फिरवलं.

"पुसी टाक. कोरीच ऱ्हाऊ दे."

मी पॉलिश पेपर घेऊन घासायला लागलो. पेन्सिल लगेच निघाली. पण त्या थांब म्हणेनात, म्हणून मी घासत राहिलो.