स्किमर आणि वरणाची पळी

समुद्राच्या पाण्यावरचा फेस मी वरणाच्या पळीने काढणार होते. हे वाक्य मी पूर्ण शुद्धीत, भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर उच्चारलं. तेव्हा मी पंचावन्नची होते. म्हणजे अक्कल येण्याचं वय उलटलेलं, आणि ती आपल्याला आलेली आहे ही खात्री पक्की.

आयटीच्या भरभराटीचे दिवस होते ते. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत घरटी एक मुलगा अमेरिकेत होता, नाहीतर व्हिसाच्या रांगेत. आमचा लग्नानंतर चौथ्याच महिन्यात ‘ऑनसाइट’, म्हणजे अमेरिकेला, गेला आणि घरात उरलो मी आणि सून. ती वेंगुर्ल्याची, सॉफ्टवेअर कंपनीत, कमी बोलणारी. इथे करमतं ना, असं विचारलं की म्हणायची, “हो, आई.” एकदाच म्हणाली, “इथे पाणी फक्त नळाला दिसतं.”

मग तिने हॉलमध्ये माशांची पाच फुटी काचेची टाकी ठेवायचं ठरवलं. साधी नाही, खाऱ्या पाण्याची. महिनाभर वाचून तिने यादी केली: पंप, टाकीसाठीचं खास मीठ, खारटपणा मोजायचं साधन, उन्हाळ्यात पाणी गार ठेवणारं यंत्र. प्रत्येक वस्तूपुढे ‘हवंच’ किंवा ‘नंतर चालेल’. स्किमरपुढे ‘हवंच’, आणि खाली दोन रेघा. निळ्या चांदण्याच्या दिव्यापुढे ‘नंतर चालेल’. तिला रजा मिळेना, म्हणून खरेदीला मी निघाले.

“आई, यादीत आहे तसंच आणा हं.”

“अगं, तीस वर्षं संसाराची खरेदी केलीय मी!”

कसबा पेठेत माशांच्या टाक्यांचं सामान विकणाऱ्या दुकानदाराने एकेक वस्तू काउंटरवर मांडली. स्किमर म्हणजे एक उभं नळकांडं, वर कप. मी विचारलं, हे काय करतं? तो म्हणाला, पाण्यात बारीक बुडबुडे सोडतं, माशांची घाण फेसाबरोबर वर येते आणि कपात साठते.

“म्हणजे फेसच काढायचा ना? तो मी रोज डाळीवरचा काढते. पळीने.”

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “बाई, डाळीत कोणी राहत नाही.”

मागचं गिऱ्हाईक हसलं. तिथेच शहाण्या बाईने माघार घेतली असती. मी स्किमर परत सरकवला आणि त्या जागी निळ्या चांदण्याचा दिवा घेतला. का, तर बुधवारच्या भिशीला बायका आमच्याकडे येणार होत्या आणि नळकांड्याकडे बघून कोणी ‘अय्या’ म्हणत नाही.

घरी सुनेने सामान तपासलं. “स्किमर?”

“संपलेत. मागवलेत त्याने,” मी म्हणाले. एका दमात, पापणी न लववता. त्या वयात मी फार गुणी होते.

तिने विश्वास ठेवला. दगड, वाळू, खारं पाणी घालून टाकी दीड महिना माशांशिवाय चालू ठेवली. ‘स्किमर येईलच या आठवड्यात’ असं मी म्हणत राहिले, म्हणून मग तिने ऑफिसजवळच्या दुकानातून मासे आणले. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली एक जोडी. ऑफिसमधून आली की चप्पल काढायच्या आधी टाकीपाशी. त्यांच्याशी ती मालवणीत बोलायची. माझ्याशी पुस्तकातल्या मराठीत. सहा महिन्यांचं एकटेपण तिने त्या काचेआड ठेवलं होतं, हे मला दिसत होतं. आणि मी रोज सकाळी ती बाहेर पडली की पळी घेऊन स्टुलावर चढत होते. फेस काही यायचा नाही. दोन बुडबुडे यायचे, ते मी मोठ्या समाधानाने काढायचे.

तिसऱ्या आठवड्यात पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं. रविवारी सकाळी दोन्ही मासे वर तोंड करून धापा टाकत होते. सुनेने दुकानात फोन लावला. “काका, आमचा स्किमर कधी येतोय?”

दुकानदाराचा आवाज खणखणीत. स्वयंपाकघरापर्यंत आला. “येतोय कुठून? चार पडलेत इथे. तुमच्या सासूबाईंना पळी पुरेशी होती.”

तिने फोन ठेवला. माझ्याकडे पाहिलंही नाही. बादलीत खारं पाणी कालवायला घेतलं.

मी रिक्षा केली. स्किमर मांडीवर घेऊन आले, तान्हं बाळ आणावं तसा. दुकानदाराने फक्त पिशवी दुहेरी करून दिली होती. त्याने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. घरी आले तेव्हा एक मासा गेला होता. दुसरा बादलीत, हवेच्या नळीपाशी, कसाबसा. मी सगळं कबूल केलं. दिवा, भिशी, खोटं, पळीसुद्धा. ती “बरं” म्हणाली. त्यानंतर दोन दिवस आमच्या घरात “बरं” एवढंच मराठी उरलं. तेवीस माणसांचं कुटुंब सांभाळलेली मी, दोन माणसांच्या घरात जेवताना वाटीकडे बघत होते.

तिसऱ्या दिवशी स्किमरच्या कपात काळा चहा साठावा तसं काहीतरी साठलं. वास असा, की मी पदर नाकाला लावला. पाणी निवळलं होतं, आणि उरलेला मासा टाकीत दगडाभोवती फिरत होता. सुनेने कप काढला, मोरीत ओतला, धुतला, परत बसवला. मग हात पुसत माझ्याकडे वळली, आणि पहिल्यांदाच मोकळेपणाने म्हणाली:

“आई, मासा गेला तो गेला. पण उद्या भिशीत सांगताना ‘सुनेने मारला’ असं सांगू नका.”