नाल्याकाठची पेन्सिलची रेघ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, थोरल्या भावाला नाही — आणि ज्या माणसाला सांगायला पाहिजे होतं, त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. दुसरं काही कारण शोधून सापडत नाही.

गोष्ट एका शब्दाची आहे. तेवढा एक शब्द लिहायला मी आज सकाळपासून बसलोय. सरळ त्याच्यावर येणं जमत नाही, तेव्हा थोडं लांबून येऊ द्या.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. हसनाबादहून येऊन, कॉम्प्युटरचा कोर्स करून मी जालन्यात एका खाजगी कार्यालयात लागलो होतो. काम होतं गावांचे जुने नकाशे स्कॅन करायचं. कापडावर चिकटवलेले कागद, घड्यांवर विरलेले, कुणाच्या चहाचे डाग, कुणाच्या बोटांचे. स्कॅन रंगीत नसायचं. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत नुसत्या करड्या छटा. त्या धुरकट चित्रातून नकाशा स्वच्छ करून काढायचा.

तिथे हमीदचाचा होते. उभं आयुष्य ट्रेसिंगमध्ये गेलेलं — नकाशावर पारदर्शक कागद अंथरायचा आणि खालची रेघ न् रेघ हातानं वर उतरवायची. आता आम्ही साफ केलेला नकाशा मूळ कागदाशी ताडून, काही सुटलं का ते बघणं, एवढंच त्यांच्याकडे राहिलं होतं. मला शीट वाचायला त्यांनीच शिकवलं. शीट खिडकीच्या उजेडात तिरपी धरायचे. "डाग पसरतो, बेटा. रेघ कुठंतरी जाती." हे त्यांचं वाक्य. अजून कानात आहे.

मी एक प्रोग्राम लिहिला होता. वर नकाशा, खाली त्याच्या छटांचा आलेख. डावीकडे काळा, उजवीकडे पांढरा. ज्या छटेचे ठिपके जास्त, तिथे आलेख उंच. जुन्या कागदाचं उजव्या अंगाला मोठं टेकाड व्हायचं, शाईचं डावीकडे बुटकं. आलेखाखाली एक खूण — माऊसनं ओढायची. ती डावीकडे आणली की तिच्या उजवीकडचं सगळं पांढरंफेक. डाग गेले, घड्या गेल्या. डोळ्यांदेखत! मी तासन् तास ती खूण मागेपुढे करत बसायचो. चाचा मागून यायचे, चहाचा कप टेबलावर ठेवायचे. "क्या रे इंजिनेर, तांदूळ निवडून राह्यला का? जल्दी निवड, पाणी उकळायला ठिवलंय." आणि स्वतःच हसायचे.

कागदाच्या टेकाडाला डाव्या उतारावर कधी कधी एक बारीकसा उंचवटा दिसायचा. गव्हाच्या दाण्याएवढा. तो पेन्सिलचा असतो हे मला चाचांमुळेच कळलं होतं. जुन्या मोजणीदारानं शाईच्या आधी किंवा नंतर काहीतरी हलक्या हातानं मारून ठेवलेलं असायचं. चाचा म्हणायचे, "त्याला काही सांगायचं असंल. आपण कोण पुसणारे?"

म्हणजे मला माहीत होतं. हे आधीच सांगून ठेवतो.

मग औरंगाबादहून आमचे साहेब प्रोग्राम बघायला आले. यापुढे प्रत्येक शीट डोळ्यांनी ताडायची गरज आहे का, हे ते ठरवणार होते. माझी नोकरी कच्ची होती — पण खरं सांगू? ते मनात नव्हतं. माझ्या प्रोग्रामला कुणाचीच गरज नाही, असं कुणीतरी मोठ्यानं म्हणावं, एवढंच हवं होतं. हे कुठल्या भुकेत मोडतं?

वाटूरकडच्या एका गावाची शीट लावली होती. आदल्या दिवशीच मी तिचा आलेख पाहिला होता. दाणा होता. खूण मी त्याच्या अलीकडे, डावीकडे आणून ठेवली. पडद्यावर नकाशा कसा, धुतल्यासारखा. साहेब खूश.

चाचा मूळ शीट खिडकीशी धरून उभे होते. म्हणाले, "साहब, नाल्याच्या काठानं पेन्सिलची रेघ है. वर आली न्हाई."

साहेब वाकून बघू लागले. त्यांना दिसेना — सवय नसलेल्या माणसाला दिसत नाहीच. म्हणाले, "बघ रे, कॉम्प्युटरला विचार." मी खूण उजवीकडे सरकवली. सावकाश. आणि दाण्याच्या अलीकडेच थांबलो. पडद्यावर काही आलं नाही.

"चाचा, रेघ तुमच्या चष्म्यावर असेल," साहेब म्हणाले. सगळे हसले. मीही.

चाचांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. पुन्हा पाहिलं. मग साहेबांकडे नाही — माझ्याकडे वळले. शीट माझ्यापुढे धरली. "बेटा, तू सांग. तुझी नजर जवान है. तुला दिसती का?"

मी पाहिलं.

"न्हाई, चाचा," मी म्हणालो.

हाच तो शब्द.

माऊस थांबवला, ती लबाडी होती. पण तिथे निदान यंत्राआड लपता आलं असतं. या प्रश्नात यंत्र कुठे होतं? एका माणसानं दुसऱ्याला विचारलं होतं.

त्यांना कुणी काढलं नाही. तेच दुसऱ्या दिवशी म्हणाले, आता आपल्याकडून कुणाच्या तरी नकाशात चूक होईल, त्यापरीस नकोच. टाक आणि पट्टी कपड्यात गुंडाळली आणि गेले. पंधरा दिवसांनी बाजारात भेटले. डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवून आल्ते. "डॉक्टर बोलता है, उमर के हिसाब से आँखें बराबर हैं. पर डॉक्टरला नकाशातलं काय कळतं? तू झूट काय को बोलेगा?"

तू झूट काय को बोलेगा. हा प्रश्न नव्हता; मी खोटं बोलणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

पुढे दीड-एक वर्षानं वाटूर फाट्यावर ते पुन्हा दिसले. चाचींच्या खांद्यावर हात ठेवून, पाय चाचपत चालत होते. सायकल सोडली होती. वाचणं सोडलं होतं. सुईत दोरा ओवून द्यायचं तेही सोडलं, असं चाची म्हणाल्या — पूर्वी घरातलं ते काम त्यांचंच. समोर एस.टी. लागली. पाटीवरची अक्षरं हाताएवढी. "बेटा, परतूरची है क्या?" त्यांनी मला विचारलं. मी पाटी वाचून दाखवली.

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "गुंडी संभाळ. दुसरी. धागा लटकून राह्यला."

मी खाली पाहिलं. शर्टाच्या दुसऱ्या गुंडीचा पांढरा धागा. पांढऱ्या शर्टावर. केसाएवढा.

तेव्हा सांगता आलं असतं. गाडी सुटत होती, असं म्हणून मी बरीच वर्षं स्वतःची समजूत घातली. पण गाडी सुटत नव्हती. कंडक्टर समोरच्या हॉटेलात भजे खात होता. चांगली दहा मिनिटं आम्ही तिथे उभे होतो आणि मी पावसापाण्याचं बोलत राहिलो. त्यांना हाताला धरून पायरी चढवलं. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, केवढा चांगला पोरगा!

ते गेले तेव्हा मी परतूरला गेल्तो. चाची ओट्यावर बसल्या होत्या. मला जवळ बसवून घेतलं. "आखिर में तो कुछ दिखताइच नहीं था उनको, भैया," त्या म्हणाल्या. "नजर ने धोका दिया. तुम तो जानते."

मी मान डोलावली.

रेघ होती. नाल्याच्या काठानं निघून वडाच्या खुणेपर्यंत गेली होती. मला दिसत होती.