मिठागरवाल्या काकांचं प्रेशर

मिठाविरुद्धची आमची अख्खी चळवळ पनवेलमध्ये एकट्या माणसाने झोपवली, आणि तो माणूस आमच्याच भिंतीपलीकडे राहत होता. नव्वदच्या सुमाराची गोष्ट. आम्ही काही तरुण घरोघर पत्रकं वाटत होतो: ‘मीठ खाल तर मराल!’ मजकूर माझा, उद्गारचिन्हही माझंच. घराघरात ब्लडप्रेशर मुक्काम ठोकून बसलंय आणि कुणाला त्याची पर्वा नाही, या विचाराने मी तेव्हा सदैव पेटलेला असे. शेजारच्या मिठागरवाल्या काकांच्या हातात मी पत्रकांचा गठ्ठाच ठेवला. पुढे कळलं, उरणकडच्या आपल्या आगरातलं खडे मीठ त्यांनी त्याच पत्रकांच्या पुड्या बांधून आळीभर वाटलं. वर मलाच म्हणाले, “कागद झ्याक हाय रं तुझा. ओल धरत नाय.”

काकांचं सगळंच खारट. चहात चिमूटभर मीठ, कलिंगडावर मूठभर. डोळे मिटून खडा जिभेवर ठेवत आणि तो कुणाच्या आगरातला ते सांगत. चुकले तर दोष मिठाचा. लग्नाच्या पंगतीत मीठ वाढणाऱ्याचं मनगटच धरत: “एवढंसं वाढतोस? तेराव्याला आलोय काय मी?” घरी कालवणात मीठ घालायचा मान त्यांचा. सुना वाटण करत, फोडणी देत, आणि शेवटी काका येऊन मूठ सोडत. त्याच भांड्यातलं त्यांचा धाकटा भाऊही जेवे. हा अगदी उलटा माणूस. मोजकं बोलणारा, तंबाखूला न शिवणारा, पहाटे चालायला जाणारा. पुढ्यात येईल ते मुकाट खायचा.

शेवटी आम्ही आळीत तपासणीचं शिबिर भरवलं. खरं तर ते एकट्या काकांसाठीच होतं. चारचौघांत त्यांच्या दंडाला पट्टा बांधून त्यांना गप्प करायचं, एवढाच माझा कार्यक्रम. डॉक्टरीणबाईंनी पट्टा फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला. प्रेशर एकदम ठीक! काकांनी माझ्या पाठीत थाप हाणली. “लिव आता दुसरा कागद!” मग गंमत म्हणून त्यांनी धाकट्याला खुर्चीत ढकललं. बाईंनी मोजलं, परत मोजलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

“ह्याला प्रेशर? हा तर साधू हाय! मशीन बिघडलंय तुमचं.”

“मशीन ठीक आहे, काका. घरात आणखी कुणाला होतं?”

काका धाकट्याकडे बघत म्हणाले, “आय आमची तरनीच गेली. मिठाच्या वाफ्यात काम करता करता पडली. झटका आला म्हनत होते.”

बाई समजावू लागल्या. प्रेशर वाढायचा कल आई-बापाकडून येतो, पण सगळ्या भावंडांना सारखा येत नाही. एकाचं शरीर जास्तीचं मीठ बाहेर टाकतं, दुसऱ्याचं धरून ठेवतं. त्यामागे एकच दोष नसतो, रक्तातून आलेले कितीतरी बारीक फरक असतात. माझ्या पत्रकात यातलं अक्षरही नव्हतं.

“म्हंजे बापानं आगराची वाटनी बांध मोजून सारखी केली,” काका म्हणाले, “आन् रक्ताची ही अशी? मीठ मी घालायचं, भोगायचं यानं?”

“कल आहे, शिक्षा नाही. गोळी घेऊन आणि मीठ कमी करून आवरता येतं. आणि तुमचं आज ठीक आहे म्हणून तुम्हीही कायमचे सुटला नाहीत.”

त्या संध्याकाळपासून काका चुलीपाशी गेले नाहीत. मिठाचा चमचा सुनांच्या हाती गेला. काकांना वरून घ्यायला थोरली सून वाटीत मीठ घेऊन आली, तर तिच्यावरच उखडले: “तो आळनी गिळनार आन् मी त्याच्याम्होरं चाटत बसू?”

पुढे एकदा मी नवं पत्रक दाखवायला गेलो तेव्हा दोघे भाऊ जेवत होते. काका कडू औषध घेतल्यासारखं तोंड करून घास चघळत होते.

“कसं लागतं रं?” त्यांनी विचारलं.

“आळनी,” धाकटा म्हणाला.

“मला पन.” काकांनी भांडं पुढे ओढलं आणि त्याच्या ताटात आणखी एक डाव कालवण ओतलं. “खा. तवा कळलं असतं तर आयला पन असंच वाढलं असतं.”