खिशात राहिलेली तांब्याची रिंग

शेजारच्या गॅरेजातून ग्रीसचा वास आला की मी सातपूरच्या कारखान्यात जाऊन उभा राहतो.

ब्याऐंशी-त्र्याऐंशी साल असेल. तेल वर यावं म्हणून समुद्रातल्या विहिरींत जोरानं पाणी सोडतात. त्या पाण्याचा दाब आवरणारे व्हॉल्व्ह आम्ही बनवायचो. मी चौथी शिकलेला, पण माझ्या हातचा व्हॉल्व्ह गळत नाही, हा माझा तोरा. त्या दिवशीचा व्हॉल्व्ह टेस्टला पास झाला होता. तरी माझं समाधान होईना. कुणाला न विचारता खोलला, आतून पुन्हा घासला आणि बंद केला. दुपारी ट्रक गेला. मग खिशात हात घातला, तर पाणी गळू न देणारी आतली तांब्याची रिंग हाताला लागली, अजून ग्रीसनं माखलेली.

सुपरवायझरला दाखवली. तो हळूच म्हणाला, "ट्रक कसारा घाट उतरला असंल, भाऊ. आता काय मागं पळतो? पासचा शिक्का बसलाय. गप ऱ्हा."

मी गप्प राहिलो. तेव्हा नोकरीची भीती होती. आता समुद्रात त्या व्हॉल्व्हपाशी उभा असलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. त्याचं काय झालं, ते मला कधीच कळलं नाही.

बायको म्हणते, "टाका ना ती रिंग."

मी म्हणतो, "बसवायची राहिलीय."